वन्संच्या डोक्यावरचा एसी

मॉन्तेरिया,
३ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

तब्येत बरी असेल आणि गुडघाही शहाण्यासारखा वागत असेल अशी आशा करते. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. सगळे म्हणजे मी.

फोन तुम्ही उचलत नाही म्हणून लिहायला बसले. मारेल्वी म्हणाली, आजी, आवाज रेकॉर्ड करून पाठव. पाठवले की पाच. पलीकडच्यानं ऐकलं की नाही तेही म्हणे मोबाइलवर दिसतं. तुम्ही एकही ऐकलेला नाही. पत्राचं बरं असतं, माणूस निदान उघडतो तरी, बिल असेल म्हणून.

पाऊस रोज चारला येतो आणि पाचला जातो, मागे नुसती वाफ ठेवून. नदी चढलीय. नदीपार नेणाऱ्या दोराच्या होड्या दोन दिवस बंद होत्या, त्यामुळे पलीकडच्या बाईची आंबट साय आली नाही आणि मी उकडलेला कंद कोरडाच गिळला.

लग्नाची तयारी जोरात आहे. बेत्साबेबाईंनी पाहुण्यांची यादी तिसऱ्यांदा बदलली. मुलाच्या आईला तेवढा हक्क असतो, असं त्याच सांगतात. मारेल्वीचा झगा शिवून आला तो कमरेत सैल, कारण पोरगी नीट जेवत नाही. का जेवत नाही ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिला म्हणालात म्हणे, गुडघ्यामुळे लग्नाला येणं जमणार नाही. वन्सं, लोरिकाहून इथे यायला बसला दीड तास लागतो. बसमध्ये गुडघ्याला काही करायचं नसतं, नुसतं बसून राहायचं असतं.

ती तीन वर्षांची असताना तिची आई पनामाला कामाला गेली. त्यानंतर त्या पोरीच्या वेण्या कुणी घातल्या, गोवरात तिच्याजवळ कोण बसलं, पाढे कुणी घोकून घेतले, हे मी तुम्हाला सांगायला नको. आई येईल लग्नाच्या दोन दिवस आधी, पाहुण्यासारखी. चर्चमध्ये मारेल्वीचा हात धरून चालायचं ते तुम्हीच, हे ती सात वर्षांची असल्यापासून ठरलेलं आहे. मी म्हटलं, माझ्याबरोबर चाल. तर म्हणते, "आजी, तू फार भरभर चालतेस." हे काय कारण झालं?

मागणीच्या दिवसानंतर तुम्ही फारच घाईनं निघून गेलात. त्या दिवशी घरात गर्दी होती, उकडत होतं, कोण कुणाला काय बोललं हे कुणाच्या लक्षात राहतं? माझ्या तर मुळीच नाही.

बाकी विशेष नाही. घरातला तो जो प्रश्न होता, कोणता ते तुम्हाला ठाऊक आहे, मी नाव घेत नाही, तो एकदाचा सुटला. कसा सुटला ते तुम्ही आलात की सांगेन, पत्रात लिहिण्यासारखं नाही. मागच्या आठवड्यात एक बाई येऊन एसी साफ करून गेली. किरकोळ धूळ होती.

औषधवाला अर्गेमिरो तुमची चौकशी करत होता. मी त्याच्याकडे कशाला गेले होते ते विचारू नका. अंगणातली जास्वंद मान टाकतेय, तेही विचारू नका.

तर मग येताय ना? बसच्या ड्रायव्हरजवळ उत्तर द्या, तो आणून देतो म्हणालाय.

तुमची वहिनी,
एडेल्मिरा

ता. क. माझा खोकला आता बरा आहे. तुमचाही बरा झाला असेल. मला आतून वाटतं, झाला असेल.


मॉन्तेरिया,
९ ऑगस्ट

वन्सं,

ड्रायव्हरनं तुमचं पत्र दिलं. एवढा मोठा कागद आणि त्यावर चार ओळी. "पत्र पोचलं. गुडघा उत्तम आहे. घरातला प्रश्न सुटला हे वाचून आनंद झाला, मी तिथे नाही म्हटल्यावर सुटायचाच. तुम्ही काळजी करू नका, लग्नाला येत नाही, पाहुण्यांना त्रास नको."

मला 'तुम्ही' लिहिलंत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

शेगडीवर दूध होतं. ते वर आलं, उतू गेलं, ज्योत विझली, आणि मी समोर बसून बघत राहिले. मला तसं म्हणायचं नव्हतं. म्हणजे लिहिलं मी तसंच होतं, आता वाचून दाखवलं तर कुणीही तोच अर्थ काढेल. म्हणून आता सरळ लिहिते. अर्ध्यावर फाडू नका, पुढे हसण्यासारखंही आहे, आणि हसायचं आहे ते मलाच.

वास तुमचा नव्हता.

घ्या. लिहिलं. हे एवढं एक वाक्य लिहायला मला इतके दिवस आणि एक लबाड पत्र लागलं.

आता पहिल्यापासून सांगते. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी माझा पलंग तुमच्या जागी सरकवला. ती जागा माझ्या डोळ्यांत होतीच. एसी आणला तेव्हा "एर्सिलिया आजीला उकाडा सोसत नाही" म्हणून मारेल्वीनं तुमचा पलंग बरोब्बर त्याच्या खाली लावला आणि माझा पलीकडे, कपाटाशेजारी. एसी माझ्या खोलीत, आणि गार वारा तुम्हाला! तीन वर्षं मला ते टोचत होतं. तर पहिल्या रात्री मी तिथे राणीसारखी झोपले.

वास मात्र होताच. तोच. ओल्या पायमोज्यात चीज गुंडाळून विसरून जावं तसा. मी म्हटलं, भिंतीत मुरलाय, जाईल हळूहळू. गाद्या उन्हात टाकल्या. भिंतीला चुना मारून घेतला. तुमचा कपाटातला खण रिकामा करून धुतला. वन्सं, त्या खणात काय काय निघालं ते तुम्हाला माहीत आहे. लिंबाच्या वाळलेल्या फोडी, खायचा सोडा, कापूर घातलेलं स्पिरिट आणि पाच साबण. तेव्हासुद्धा मला काय वाटावं? वाटलं, बघा, एवढं सगळं लावूनही!

मग जुलैत एका रविवारी मारेल्वी चर्चमधून सरळ इकडे आली. मला मिठी मारली आणि तशीच थांबली. मला वाटलं, लग्न जवळ आलं, पोर हळवी झाली. तर कानात म्हणते,

"आजी, रागावणार नाहीस ना?"

"नाही गं. बोल."

"तुला एर्सिलिया आजीसारखा वास येतोय."

"मला?"

"अगदी तसाच."

"अगं, सकाळी अंघोळ करून आलेय मी!"

"तीही करायची, आजी. दिवसातून तीनदा."

त्या दिवसापासून मीही तीनदा करू लागले. तुमचेच उपाय सगळे. लिंबू, सोडा, स्पिरिट. झगे व्हिनेगरमध्ये बुडवून वाळवले, तर चर्चमध्ये शेजारची बाई तिच्या नवऱ्याला विचारते, कुणी सॅलड आणलंय का हो इथे? पुढच्या रविवारी मी मागच्या बाकावर बसले. खिडकीपाशी. कुणी सांगितलं नव्हतं, पाय आपोआप तिकडे वळले. तिथे बसल्यावर माझ्या लक्षात आलं की ही तुमची जागा. गेलं वर्षभर तुम्ही तिथेच बसत होता, आणि मी लोकांना सांगत होते की वन्संना म्हातारपणी एकांत आवडायला लागलाय.

शेवटी एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही बघून अर्गेमिरोकडे गेले. तो तराजू पुसत होता. म्हटलं,

"अर्गेमिरोभाऊ, वय झालं की माणसाच्या अंगाला वास येतो आणि त्याचा त्याला कळत नाही, असं असतं का?"

त्याचा हात थांबला. म्हणाला, "बाई, तुमच्या घरात याची साथ आलीय का? गेल्या वर्षी एर्सिलियाबाई हेच विचारत होत्या. इथेच उभ्या होत्या, तुम्ही आहात तिथे. म्हणाल्या, तुम्ही परके आहात, तुम्ही खरं सांगाल. जरा हुंगून सांगता का?"

"मग?"

"मग काय, हुंगलं. कपडे जरासे कुबट होते, पण बाई स्वच्छ. तसं सांगितलंही. त्यांना पटलं नाही. थोड्या रडल्या आणि खोकल्याचं औषध घेऊन गेल्या."

वन्सं, चाळीस वर्षं आपण एका ताटातलं खाल्लं. आणि तुम्हाला खरं विचारायला औषधवाला शोधावा लागला. अर्गेमिरोनं स्टूल पुढे केलं.

मग मलाही हुंगलं त्यानं. न विचारताच. म्हणाला, "कुबट, पण स्वच्छ. तुम्ही दोघी एका खोलीत झोपायचात ना?"

"हो. आता मी त्यांच्या जागी झोपते."

"आणि त्या जागेच्या वर काय आहे?"

"काही नाही. एसी आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तो साफ कधी केलाय?"

"दर शनिवारी पुसते की."

"आतून, बाई."

एसीला आतून असतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

त्यानंच यामिलेला पाठवलं. यामिले म्हणजे ती एसीवाली, जिच्याबद्दल मी तुम्हाला 'किरकोळ धूळ' लिहिलं. चाळिशीची बाई, खांद्यावर शिडी, पुढचा एक दात सोन्याचा. आल्या आल्या म्हणाली, "मावशी, चालू करा." मी केला. तिनं नाक वर करून दोनदा हुंगलं आणि म्हणाली, "बंद करा. आणि ती मेरीमातेची तसबीर तेवढी दुसऱ्या खोलीत न्या. आता जे निघणार आहे ते तिनं बघायला नको."

झाकण निघालं. आत एक लांब, गोल पंखा असतो, लाटण्यासारखा, बारीक पात्यापात्यांचा. मुळात पांढरा असतो म्हणे. आपला काळा होता. काळा आणि केसाळ. यामिलेनं बॅटरी मारून दाखवलं. पात्यांमध्ये बोट जायला जागा नव्हती.

"ही बुरशी," ती म्हणाली. "गार हवा म्हणून हीच नाकात जात होती. खाली कोण झोपतं?"

"मी. दोन महिने झाले. त्याआधी माझी नणंद."

"त्यांना खोकला होता?"

"होता," मी म्हटलं. तो खोकला सुरू झाला की मी 'झालं नाटक सुरू' म्हणून उशी कानावर घ्यायचे, ते तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय.

तिनं एसीला खालून प्लास्टिकची झोळी बांधली, झोळीचं टोक बादलीत सोडलं आणि साबणाच्या पाण्याचा जोरात फवारा आत मारला. जे पाणी खाली आलं त्याला कॉफीसारखं म्हटलं तर कॉफीला राग येईल. दोन बादल्या. तिसरी जरा करडी आली. चौथी आली तेव्हा मी पलंगावर बसले होते आणि यामिले मला विचारत होती की मावशी, पाणी देऊ का, म्हणजे पिण्याचं.

"एवढं कसं धरलं पण?" ती आपल्याशीच म्हणाली. "आत पाणी तुंबत असणार." आणि ती नळी कुठे जाते ते बघत बघत अंगणात निघाली. मी तिच्यामागे धावले, वन्सं. नळी कुठे जाते ते मला माहीत होतं.

जास्वंदीच्या कुंडीत. दीड वर्षापूर्वी मीच नेली होती. एवढं स्वच्छ पाणी फुकट जातंय म्हणून नळी उचलली, खिडकीच्या गजावरून घेतली, सुतळीनं दोन गाठी मारल्या आणि टोक वरच्या फळीवरच्या कुंडीत सोडलं. जास्वंद कशी तरारली होती! तुम्हीच म्हणाला होतात की हिला काहीतरी लागू पडलंय.

"ही नळी वर कुणी चढवली?" यामिलेनं कमरेवर हात ठेवून विचारलं. "पाणी काय जिना चढून जाणार आहे? थोडं ढकललं जातं, बाकी मागे फिरतं आणि ट्रेमध्ये सडत बसतं. ज्यानं ही गाठ मारली ना, त्याला मला एकदा भेटायचंय."

"तो वारला," मी म्हटलं.

हो. एलिएसेरच्या नावावर घातलं. तुमचा भाऊ जाऊन चार वर्षं झाली आणि एसी येऊन तीन, पण तोंडातून निघून गेलं. यामिलेनं छातीवर क्रॉस काढला आणि त्या बिचाऱ्यासाठी दोन शब्द पुटपुटली. जिवंत असताना माझ्या चुका त्यानं बऱ्याच अंगावर घेतल्या, ही आणखी एक घेईल.

एवढ्यावर सुटले असते. पण ती आत येऊन जाळीवरून बोट फिरवते आणि विचारते, "इथे हे चिकट काय आहे?"

लव्हेंडर. तुम्हाला ती बाटली आठवत असेल. रोज दोनदा मी एसीच्या तोंडात फवारा मारायचे, तुमच्या बाजूनं येणारा वास झाकायला. आणि खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या, गारवा जाऊ नये म्हणून.

यामिले हसायला लागली ती थांबेचना. तिचा तो दात चमकत होता. "म्हणजे मावशी, पाणी तुम्ही पाजलंत, जेवण तुम्ही घातलंत, पांघरूणही तुम्हीच घातलंत. पाळलीच की हो तुम्ही ही बुरशी!"

आता नळी खाली सोडलीय, उताराला. एसी बंद करायच्या आधी अर्धा तास नुसता पंखा चालवते, आतलं वाळायला. जाळ्या दर पंधरा दिवसांनी धुवायच्या, आणि वर्षातून एकदा यामिले येणार. खिडकी दिवसभर उघडी असते. आठवड्यात माझा खोकला गेला. तुमचा लोरिकाला पोचल्यावर किती दिवसांत गेला ते मी मारेल्वीकडून कधीच काढून घेतलं होतं. चार.

आता मागणीचा दिवस. मागच्या पत्रात लिहिलं की कोण काय बोललं लक्षात नाही. शब्दन् शब्द लक्षात आहे. एसी एकाच खोलीत म्हणून पलंग भिंतीला लावून पाहुण्यांना तिथेच बसवलं होतं. तुम्ही नवा निळा झगा घातला होता, हातात बिस्किटांचं ताट होतं. बेत्साबेबाई आत आल्या, एसी सुरू झाला आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला. माझा जीव उडाला. वाटलं, आता म्हणतील, काय घाणेरडी बाई आहे ही, मुलीच्या घराला वास मारतो. आणि मी पंधरा माणसांसमोर मोठ्यानं म्हणाले, "वन्सं, तुम्ही जरा बाहेर दाराशी बसता का? तिथे वारा येतो. पाहुण्यांना त्रास नको."

ताट ठेवलंत, झगा सावरलात आणि दाराशी जाऊन बसलात. मारेल्वीच्या बोटात अंगठी घालताना तुम्ही खोलीत नव्हता. तुम्हाला कॉफी नेऊन दिली तीही मारेल्वीनं, मी नाही. सकाळी उठले तर तुमचा पलंग आवरलेला.

हे सगळं मला माहीत होतं, वन्सं. वास कुणाचा हे कळायच्या आधीपासून माहीत होतं. समजा वास तुमचाच असता, तरी मी जे बोलले ते बोलायचं नव्हतं.

म्हणून काल बेत्साबेबाईंकडे गेले. बादलीचा फोटो मारेल्वीच्या मोबाइलवर होता, तिला बरोबर घेतलं. त्यांच्या दोन बहिणीही बसल्या होत्या. मारेल्वी म्हणाली, आजी, नंतर येऊ. मी म्हटलं, नको, जितक्या जास्त असतील तितक्या बऱ्या. उभ्यानंच सांगितलं. "त्या दिवशी तुम्ही रुमाल लावलात तो वास माझ्या एसीतल्या बुरशीचा होता. एर्सिलियाबाईंना मी चारचौघांत उठवलं, म्हणून चारचौघांत सांगायला आले." आणि फोटो दाखवला.

तिघी फोटो बघत राहिल्या. मला वाटलं, मोडलं लग्न. मग बेत्साबेबाईंनी बहिणींना कॉफी बघायला आत पाठवलं आणि हळूच मला म्हणाल्या, "त्या एसीवालीचा नंबर द्या ना." त्या आणखी हळू म्हणाल्या, "आमच्याकडेही येतो हो तो वास. मला वाटायचं, यांच्या बुटांचा. वर्षभर त्यांचे बूट गच्चीवर ठेवतेय मी. पावसात दोन जोड फुगून गेले."

तर असं आहे. पत्रातून माफी मागायची मला सवय नाही, तोंडानंही नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? पण मागतेय. माझ्यासाठी येऊ नका. मारेल्वीचा झगा परत कमरेत बसवायचा आहे, तिच्यासाठी या.

चुकलेली,
एडेल्मिरा


मॉन्तेरिया,
२ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

बस वेळेवर पोचली का? केकचा डबा उभा धरलात ना, आडवा नाही?

घर अजून लग्नघरासारखं पसरलेलं आहे. मारेल्वीची आई काल पनामाला परत गेली. जाताना रडली, मग विमानतळावरून फोन करून चार्जर विसरला म्हणून ओरडली. नवरा-नवरी समुद्रावर आहेत, तिकडे जोराचा पाऊस आहे आणि दोघांना त्याचं काही नाही.

फोटो आले. सगळ्यात चांगला कोणता आला असेल ओळखा. तुम्ही चर्चच्या पायरीशी गाडीतून उतरलात, निळा झगा, केसांत मोत्यांची पिन. मी दोन्ही हात पसरून पुढे आले, रडायची पूर्ण तयारी करून. तुम्ही हातानं मला थोपवलंत. बेत्साबेबाई, त्यांचे यजमान, पाद्री, सगळी मंडळी बघत होती. तुम्ही माझ्या मानेशी नाक आणून हुंगलंत, आधी डावीकडून, मग उजवीकडून, बाजारात मासळी बघतात तसं. आणि खणखणीत आवाजात म्हणालात, "हं. हिला आत येऊ द्या." फोटोवाल्यानं नेमकं तेच टिपलंय. माझं तोंड उघडं आहे. मारेल्वीनं तो फोटो मोठा करून मागवलाय, दिवाणखान्यात लावायला. बेत्साबेबाईंचे यजमान मागे हसताना दिसतात, पायांत नवे बूट.

मग तुम्ही तिचा हात धरून चाललात. किती हळू! पाद्री दोनदा घड्याळाकडे बघत होता. तेव्हा मला कळलं, मी भरभर चालते म्हणजे काय.

एक गोष्ट मात्र लिहायची राहिलीच होती. मी तुमचा पलंग परत तुमच्या जागी लावला होता. नवी चादर, नवी उशी. तुम्ही खोलीत आलात, खिडकीतून बाहेर बघितलंत, एसीकडे बघितलंत, आणि म्हणालात, "साडेपाचची बस आहे." मी पिशवी घेऊन थांब्यापर्यंत आले. माझी बडबड चालू होती, ती तुम्ही मध्येच थांबवलीत.

"राग गेला, एडेल्मिरा. खरंच गेला. पण अजून कुणी शेजारी येऊन बसलं ना, की मी सरकते. माझी मी सरकते. लोरिकात नदीकाठच्या माझ्या बाकावर मी एकटीच असते, तिथे सरकावं लागत नाही."

आणि बस आली.

मी घरी येऊन शेगडी पेटवली नाही. तुमच्या पलंगावरही बसले नाही. खोलीला आता कसलाच वास येत नाही, वन्सं. नाक लावून लावून बघितलं. चुन्याचा नाही, साबणाचा नाही, कसलाच नाही. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि आता त्यात झोप लागत नाही.

परत या असं मी लिहिणार नाही. ते मागायचा हक्क मी दाराशी घालवला. मी विचारतेय ते वेगळंच. मी येऊ का तिकडे? आठ दिवस, जास्त नाही. पंखा असला तरी चालेल, नसला तरी चालेल. स्वयंपाक मी करीन, नदीवरून मासे मी आणीन, तुम्ही फक्त संध्याकाळी त्या बाकावर मला बसू द्या. तुम्ही सरकलात तर सरका. मीही तेवढीच सरकेन. बाक कुठेतरी संपतोच.

तुमच्या शेजारची,
एडेल्मिरा